गाडी बिघडलेलीच बरी

४ जानेवारी

चि. शंकेखोर,

पत्राआधी टेम्पो पोचला असेल, तर तुझा नवरा आत्ता दारात उभा राहून हे काय आहे म्हणून विचारत असेल. त्याला सांग, ही मोटरसायकल आहे आणि ती तुझ्या मामाची आहे. त्याने ती पूर्वी पाहिली आहे, पण तेव्हा ती चालत होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागेल.

गाडी मेलेली आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बंद पडली ती पडलीच. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने हात टेकले. तुझी मामी म्हणते भंगारात द्या. भंगारवाला म्हणतो, चहा पाजलात तर नेतो. म्हणून तुझ्याकडे पाठवली. तुझ्याइतकी संशयी बाई आपल्या खानदानात दुसरी नाही. लहानपणी तुला वेळ सांगितली की तू दुसऱ्या खोलीतल्या घड्याळात बघून यायचीस. बिघाड शोधायला असंच माणूस लागतं.

नियम थोडे आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली तर कशाने झाली ते कळत नाही, आणि हे न कळणं गाडी बंद असण्यापेक्षा वाईट. काय दिसलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. आणि फोन करायचा नाही. फोन कानाला लावला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. मग तुझी मामी फोन घेते आणि माझ्या वतीने उत्तरं देते, मला न विचारता.

आधी प्लग काढ आणि रंग कळव.

सुरू झाली की मी येईन आणि चालवत घरी आणीन. मामीला मात्र वाटतंय की गाडी तुला कायमची दिली. तसंच वाटू दे.

मामा

११ जानेवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. साष्टांग घालायला शेडमध्ये जागा उरलेली नाही.

टेम्पो आला तेव्हा मी प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याचे नमुने तपासत होते. नवऱ्याने निरोप पाठवला की तुझ्या आजोळहून म्हैस आली आहे, दावं कुठे बांधू. मग मागच्या पत्र्याच्या शेडमधली रद्दी, जुना पलंग आणि त्याचं व्यायामाचं यंत्र बाहेर निघालं. यंत्र जाताना त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट सुटल्यासारखा चेहरा झाला.

आता निरीक्षणं. दोन्ही टायर बसलेले, कडांना भेगा. क्लचची केबल गंजून घट्ट. ब्रेक दाबला की परत येत नाही. बॅटरी संपलेली. सीट फाटलेली. हेडलाइटच्या वाटीत जाळं आहे, कोळी नाही. हे सगळं अपेक्षित होतं. जे नव्हतं ते खाली लिहिते.

कॉलेजात असताना याच गाडीवर तुम्ही मला शिकवलं होतं की प्लग काळाकुट्ट असेल तर इंजिन पेट्रोल जास्त खातंय, पांढराफटक असेल तर उपाशी आहे, आणि दुधाच्या चहाचा रंग असेल तर सुखी आहे. हा प्लग चहाच्या रंगाचा आहे. रंगात माझी चूक होऊ नये म्हणून शेजारी चहाचा कप ठेवून पाहिला. नवऱ्याने तो कप प्यायला, पण तोवर तुलना झाली होती.

प्लगच्या भोकातून टॉर्च मारला तर आत तेल चमकतंय. स्वच्छ, सोनेरी तेल. कार्ब्युरेटरची वाटी उघडली, ती कोरडी आणि पुसलेली. पेट्रोलचा कॉक बंद. टाकी रिकामी आणि आतून तेलाचा हात फिरवलेली. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तेव्हा माणूस हे सगळं करतो. मेलेल्या गाडीला कोणी तेल पाजून झोपवत नाही.

शेवटचं वाक्य वाटण्याच्या सदरात जातं म्हणून खोडते आहे. खोडलेलं वाचता येतं याची मला कल्पना आहे.

तुमची भाची

१६ जानेवारी

चि. शंकेखोर,

निरीक्षण उत्तम, निष्कर्ष कच्चे.

आतलं तेल: पिस्टनची रिंग झिजली की तेल वर चढतं. स्वच्छ का दिसतंय, तर दोन वर्षांत निवळलं. ताकावर पाणी निवळतं तसं. प्लगचा रंग: गंज. गंजसुद्धा चहाच्या रंगाचा असतो, फक्त तो पिता येत नाही. कार्ब्युरेटर कोरडा: अगं, दोन उन्हाळ्यांत विहिरी आटतात, वाटीचं काय घेऊन बसलीस. टाकीला तेलाचा हात कोणी फिरवला ते मला आठवत नाही. म्हातारपणाचा हा एकच फायदा आहे, तो तरी मला घेऊ दे.

तेव्हा संशय सोड आणि कामाला लाग. टायर आणि ट्यूब नवीन घाल. केबली आणि बॅटरी बदल. ब्रेकचे लायनर उघडून घास. मग ठिणगी पाडणारे पॉइंट उघड, बारीक पॉलिश पेपर फिरवून कागदाने पूस. शेवटी टाकीत थोडं पेट्रोल घालून गळती बघ आणि किक हळू, अगदी हळू दाबून बघ, पायाला उलटा जोर लागतो का. लागत नसेल तर रिंग गेली.

घाई करू नकोस. मला कसलीही घाई नाही.

मामा

२३ जानेवारी

चि. भाचीबाई,

मी पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

यांचं हल्ली बरं चाललंय. सकाळचा चहा झाला की टेबल अडवतात आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने तुझ्यासाठी चित्रं काढतात. परवा मी विचारलं की हा भोपळा कसला, तर तो कार्ब्युरेटर होता. जेवणापर्यंत बोलले नाहीत. बरं शांत गेलं.

आता मुद्द्याचं. ती बया सुरू होता कामा नये. तू तिला घास, पूस, रंगव, हवं तर गळ्यात हार घाल, पण सुरू करू नकोस. झाली तर हे येणार, आणि मग पुढचं मला निस्तरावं लागणार. का ते विचारू नकोस. तू विचारणारच आहेस, तरी विचारू नकोस.

उत्तर आमच्या शेजारणीच्या पत्त्यावर पाठव. तिला वाचता येतं, पण चष्मा सापडत नाही.

मामी

२ फेब्रुवारी

प्रिय मामी,

तुझं पत्र हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली.

मी मुद्दाम केलं नाही. मामांनी सांगितलं ते सगळं क्रमाने करत होते. टायर घातले, केबली आणि बॅटरी बदलली, पॉइंट पुसले. गळती बघायला पेट्रोल घातलं. किक हळू दाबली, पायाला चांगला जोर लागला, म्हणजे रिंग शाबूत. इथपर्यंत सगळं नियमात. मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाय किकवर होता, चावी लावलेली होती, आणि पायाने कॉलेजातल्या सवयीने एक खरी किक मारली. पहिलीला ती खाकरली. दुसरीला सुरू झाली.

नवरा आंघोळीला गेला होता, तो डोक्याला साबण तसाच घेऊन धावत आला. समोरचे निवृत्त हेडमास्तर, जे एरवी आमच्याकडे बघतही नाहीत, कुंपणाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "याला म्हणतात आवाज." मला बंद करवेना. मी तिथेच उभी राहिले, पाच मिनिटं तरी.

मामी, मी सगळं उघडून पाहिलं आहे म्हणून खात्रीने सांगते. टायर, केबली, बॅटरी हे उभं राहिल्यामुळे गेलं होतं, त्याने इंजिन बंद पडत नाही. इंजिनात काहीही बिघाड नव्हता. मग मामा 'मेली' का म्हणाले? आणि मेकॅनिकने हात कशाला टेकले?

मामांना आज लिहिणार होते. तुझ्या पत्रामुळे थांबले. मी मामांशी कधी खोटं बोललेली नाही आणि कसं बोलतात हेही मला येत नाही. तू विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारते: का?

तुझी भाची

८ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

विचारलंसच शेवटी. मग ऐक.

त्या सकाळी मी ओट्याशी होते. खिडकीतून अंगण दिसतं. यांनी किक मारली, पण पाय अर्ध्यातच अडकला. दुसऱ्यांदा मारली तेव्हा गुडघा वळला आणि हे गाडीला धरून उभे राहिले. मग पायरीवर बसले. बराच वेळ. गाडीकडे बघत नव्हते, पायाकडे बघत होते. मी पडदा ओढून घेतला.

आत आले आणि म्हणाले, "गाडी मेली."

मी म्हटलं, "जुनीच होती."

एवढंच बोलणं झालं. मेकॅनिक वगैरे कोणी आला नाही. दुपारी यांनी पेट्रोल काढलं, तेल घातलं, चादर पांघरली. मी कांदे चिरत होते असं दाखवलं. एवढे कांदे चिरले की दोन दिवस पुरले.

तेव्हापासून आमच्या घरात गाडी बिघडलेली आहे, पाय बिघडलेला नाही. कोणी विचारलं, अहो फिरताना दिसत नाही हल्ली, की हे छाती काढून सांगतात, गाडी मेली ना, नाहीतर आपण काय. ते सांगताना बघायला मला बरं वाटतं. आता तू लिहिलंस की सुरू झाली, बिघाड नव्हताच, तर बिघाड कुठे होता याला एकच जागा उरते. आणि ती जागा मग सगळ्यांना दिसेल.

तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. मग आता शीक. चाळिशी उलटली, आणखी किती थांबणार.

मामी

१५ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार.

उशीर झाला. टायर, केबली, ब्रेक, पॉइंट सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे झालं आहे. गळती नाही. किक दाबली तर जोर लागतो. सीटला नवं कव्हर शिवून घेतलं, काळंच. शिंप्याला गंमत वाटली, त्याने कडेला पांढरी शिलाई आपणहून घातली. ती वाईट दिसत नाही.

गाडी या क्षणी चालू होत नाही. पत्र लिहायला बसण्यापूर्वी पुन्हा एकदा किक मारून खात्री करून घेतली आहे. कारण काय असावं याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण वाटलेलं लिहायचं नाही असा नियम आहे.

अक्षर तिरकं येतंय त्याबद्दल माफ करा. उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला आहे, मलम लावून पाय खुर्चीवर ठेवला आहे.

पुढे काय करू ते कळवा.

तुमची भाची

१५ फेब्रुवारी

प्रिय मामी,

मामांना पत्र टाकलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही. लिहायला बसण्याआधी मी प्लगची वायर काढून ठेवली आणि मग किक मारली. त्यामुळे 'गाडी चालू होत नाही' हे खरं होतं. पत्र पेटीत टाकून आले आणि वायर परत लावली. नवरा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "यापेक्षा सरळ थाप मारली असतीस तर देवालाही कमी त्रास झाला असता."

त्याचं बरोबर असावं. रोजनिशीत मी सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे, वायरीसकट. मग वाटलं, वहीत एक आणि पत्रात दुसरं लिहिणारी बाई नक्की कोणती. मग फेरफटका मारून आले.

हो, गाडीवरून. हल्ली मी रोज प्रयोगशाळेत तिच्यावरूनच जाते. हे तुला सांगणार नव्हते.

तुझी भाची

२२ फेब्रुवारी

चि. शंकेखोर,

तुझ्या पत्राने जीव भांड्यात पडला. तू एवढं सगळं करूनही सुरू होत नाही म्हणजे ती खरोखरच मेली, प्रश्न मिटला. माणसाला एकदा कळलं की बरं असतं.

भंगारवाल्याशी बोललो आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तो टेम्पो घेऊन तुझ्या दारात येईल. सांगाडा तिथल्या तिथे कापून नेणार आहे. टाकी त्याच्या बायकोला हवी आहे, त्यात ती झाड लावणार म्हणे. नवी सीट तो टेम्पोला लावेल की घरात बसायला घेईल ते विचारलं नाही. पांढरी शिलाई आहे असं मात्र आवर्जून सांगितलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. मेलेल्या गाडीत जीव गुंतवू नये. काही हरकत असेल तर कळव. अर्थात मेलेल्या गाडीबद्दल कोणाची काय हरकत असणार.

मामा

ता. क. पोटरी कशी आहे? दोन वर्षं थंड पडलेला सायलेन्सर एवढा भाजतो हे मला नवीन आहे. या वयातही शिकायला मिळतं.

१ मार्च

मामा,

गाडी बंद पडली. या वेळी खरंच.

हे वाक्य तुम्ही कसं वाचाल याचा विचार मी पोस्टात जाताना करीन. आत्ता लक्षणं लिहिते, कारण ती ताजी आहेत.

सकाळी एका किकमध्ये सुरू होते. चढावर जोर आहे, आवाज एकसारखा आहे. घरापासून पाण्याच्या उंच टाकीच्या वळणापर्यंत काही नाही. वळण घेतलं की दोनदा ठसकते आणि कोणी गळा दाबल्यासारखी बंद पडते. पेट्रोल आहे, हलवून पाहिलं. प्लगला ठिणगी आहे, पण प्लग कोरडा. किक मारून उपयोग नाही. वैतागून कडेला चहा प्यायले आणि परत किक मारली तर सुरू. पुन्हा तितकंच अंतर, पुन्हा ठसका. काल तिला प्रयोगशाळेपर्यंत ढकलत नेली. आमचा शिपाई फाटक उघडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही हिला आणता की ही तुम्हाला?" साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली, ते मला जास्त लागलं.

नियमाप्रमाणे एकेक गोष्ट तपासली. कार्ब्युरेटर उघडला, वाटी स्वच्छ. कॉकची जाळी धुतली. पॉइंट ठीक. पेट्रोल कुठेतरी अडतंय एवढं कळतं, पण थांबलं की आपोआप सुटतं कसं ते कळत नाही. ती अशी वागायला लागली गेल्या रविवारपासून. त्याच्या आधी मी काहीच बदललेलं नाही. रविवारी फक्त पॉलिश केलं. पेस्ट लावून टाकी घासली, झाकण घासलं, हँडल घासलं. झाकणात आता तोंड दिसतं.

इथे कोपऱ्यावर मेकॅनिक आहे. त्याला विचारता आलं असतं. दोनदा त्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत आले. तिला काय झालंय ते तुमच्याआधी दुसऱ्याने सांगितलेलं मला चालणार नाही.

आता दुसरं. गाडी महिनाभर चालते आहे. मी तुम्हाला उलटं कळवलं, म्हणजे कळवलं अशा बेताने की ते उलटं वाचलं जावं. का, ते विचारू नका. ते कारण माझ्या एकटीचं नाही आणि मला ते सांगायचा अधिकार नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण भंगारवाल्याला टेम्पो पाठवू देऊ नका. टाकीत झाड लावलेलं मला बघवणार नाही. ही गाडी मला हवी आहे. मागायला संकोच वाटत होता, कारण ती तुमची आहे आणि तुम्ही ती न्यायला येणार आहात. यायचं असेल तर या. पण भंगारात नको.

तुमची भाची

६ मार्च

चि. शंकेखोर,

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. वरून दिसत नाही, आतल्या चकतीखाली असतं. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्या भोकातून वर हवा आत यायला हवी. नाही आली तर पेट्रोल अडून बसतं. डब्याला एकच भोक पाडलं की रॉकेल कसं अडतं, तसं. तू थांबून चहा पितेस तेवढ्यात कडेकडेने हवा शिरते आणि गाडी सुरू होते. चहाचा गुण नाही. तू झाकणात तोंड बघण्याच्या नादात पॉलिशची पेस्ट त्या भोकात भरलीस. खात्री करायची तर झाकण सैल करून वळणापर्यंत जा. बंद पडणार नाही. मग चकती काढ आणि भोक टाचणीने उघड.

हे लिहून मी टेबलावरून उठलो आणि घरभर एक फेरी मारली. दोन वर्षांत मला पहिल्यांदा खरा बिघाड मिळाला, आणि तोही पत्रातून पकडला. तुझी लक्षणं इतकी नीट होती की मी तिसऱ्या ओळीलाच ओळखलं होतं. पुढचं चवीने वाचलं.

भंगारवाल्याशी बोललो नाही. त्याला बायको आहे की नाही तेही मला माहीत नाही. मेकॅनिकसुद्धा माझ्याच डोक्यातला. आता हे निघालंच आहे तर सगळं सांगतो.

गाडीत काही नव्हतं, बिघाड गुडघ्यात होता. पण रोज चादरीखाली तिला बघायचं आणि 'मेली' म्हणायचं याचा मला कंटाळा आला होता. बेत साधा होता. तू दोन किकांत सुरू करशील, तुला वाटेल तूच दुरुस्त केलीस, मी शाबासकी देईन, मग येतो येतो म्हणत येणारच नाही, आणि गाडी तुझ्याकडेच राहील. गुडघ्याचं नाव कुठे निघणार नाही. तू चहाचा कप शेजारी ठेवून प्लग बघितलास तिथे बेत ढासळायला लागला. ताकाचं निवळणं लिहिताना माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर तू लिहिलंस की चालू होत नाही, आणि खाली चटक्याचंही लिहिलंस. मला वाटलं, पोरीला गाडी हवी आहे आणि मागायची लाज वाटते. म्हणून भंगारवाला उभा केला. मागितलीस. बरं वाटलं.

पण 'माझ्या एकटीचं नाही' हे वाचलं आणि दुसरी कोण ते कळायला मला वेळ लागला नाही.

त्या सकाळी मी पायरीवर बसलो होतो तेव्हा स्वयंपाकघराचा पडदा ओढला गेला. तो पडदा दिवसा कधी ओढत नाहीत. आत गेलो, म्हटलं गाडी मेली. ती म्हणाली, जुनीच होती. आणि माझ्याकडे न बघता पाण्याचा पेला पुढे केला. दोन वर्षं ती माझी ही थाप सांभाळते आहे. शेजाऱ्यांपुढे, डॉक्टरांपुढे, तुझ्यापुढे. परवा कोणाला तरी ती सांगत होती, यांना पंचवीस मैल मारायला काही वाटत नाही हो, गाडीनेच दगा दिला. मी आतल्या खोलीत ऐकत होतो. माझ्याबद्दल इतकं छान मलासुद्धा बोलता आलं नसतं.

आता मी जाऊन 'पाय' म्हटलं तर तिच्या एवढ्या कामावर पाणी पडेल. म्हणून तिला काही कळवू नकोस. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. तुमच्याकडे गाडी खुशाल पळू दे. आमच्याकडे ती बिघडलेलीच बरी.

पुढच्या आठवड्यात मी बसने येतो. तिला सांगितलं आहे की भाचीला जमत नाही, एकदा डोळ्यांनी बघून येतो. किक तू मारायचीस. मागे बसणाऱ्याला ती मारावी लागत नाही, आणि मागून सूचना करायला गुडघा लागत नाही.

गाडी तुझी.

मामा

(पाकिटाच्या पाठीवर, दुसऱ्या अक्षरात)

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. मी पत्र वाचलेलं नाही. टाचणी जाड पडेल, शिवणाची बारीक सुई घाल. आणि यांना मागे बसवशील तेव्हा पाण्याच्या टाकीच्या वळणावर सावकाश.

मामी